स्पितीला सायकलने: शिमल्याकडून चढावं की मनालीकडून?

मनाली ते काझा, म्हणजे हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव, साधारण २०० किलोमीटर. शिमला ते काझा सव्वाचारशेच्या आसपास. रजा मोजूनमापून मिळते, म्हणून पुण्या-मुंबईचे बरेच जण नकाशा बघतात आणि मनाली पक्की करून टाकतात. मी दोन्ही बाजूंनी गेलो आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला कळकळीने सांगेन की शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा. तेवढे दिवस नसतील तर शिमला ते काझा एवढंच करा आणि बसने परता.

सगळा प्रश्न उंचीचा आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, मनाली गावच त्याच्या वर. तिथून पहिलाच घाट रोहतांगचा, ३,९७८ मीटर. पलीकडे ग्राम्फूला उतरून छत्रू, मग चार हजारांच्या जवळ बातल, मग ४,५५१ मीटरवरचा कुंझुम घाट आणि पलीकडचं लोसर चार हजारांच्या वर. म्हणजे घर सोडून आठवडा व्हायच्या आत तुम्ही चार हजारांवर झोपलेले असता. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नसावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. मनालीच्या वाटेवर हे पाळायचं तर मध्ये तंबूत जास्तीच्या रात्री काढाव्या लागतात, आणि मग वाचवलेले दिवस तिथेच जातात.

शिमल्याची वाट उलट वागते. नारकंड्याला २,७०० मीटरपर्यंत नेते आणि रामपूरला पार हजारावर आणून सोडते. कमावलेली उंची अशी घालवताना जीव हळहळतो. पण त्यानंतर सतलजच्या काठाने चढण सावकाश वाढत जाते. रेकाँग पिओ २,३०० च्या आसपास, वर कल्पा ३,००० च्या जरा खाली. कल्प्याला एक पूर्ण दिवस थांबाच. समोर किन्नर कैलास असतो आणि फुफ्फुसांना सवय होते. पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून वळणं घेत नाको, ३,६०० मीटर. दुसऱ्या दिवशी ताबो, ३,२८०. उंच चढून खाली झोपावं म्हणतात ते हा रस्ता आपसूक करून घेतो. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंतींच्या आत रंगवलेला. तिथे अर्धा दिवस द्या, नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका.

माघारीचं गणित मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. किन्नौरमध्ये, म्हणजे शिमल्याच्या बाजूला, उंचीचा त्रास सुरू झाला तर हँडल वळवलं की बहुतेक उतारच. रेकाँग पिओ-काझा बस असते, सायकल टपावर चढते. बातलहून मात्र सुटका अवघड: काझाकडे लगेच कुंझुमचा चढ, मनालीकडे उतार असला तरी ग्राम्फूपर्यंत गोटे आणि नाले. आम्ही मनालीकडून गेलो तेव्हा बातलला माझ्या मित्राचं डोकं रात्रभर ठणकत होतं, पहाटे उलट्या सुरू झाल्या. फोनला रेंज नाही. खाली जाणारी गाडी मिळेपर्यंतचे ते चार तास मी विसरलेलो नाही. डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला तर विचार करत बसायचं नाही, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

रस्त्याचा विचार केला तरी पारडं शिमल्याकडेच झुकतं. बातल ते ग्राम्फू हा सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा गोट्यांचा आणि नाल्यांचा. मनालीकडून आलात तर तो चढावर येतो. काझाकडून आलात तर चंद्रा नदीबरोबर उतरत जायचं असतं, शरीरही उंचीला सरावलेलं असतं. नाले सकाळीच ओलांडा. दुपारी वरचं बर्फ वितळतं आणि घोट्याएवढं पाणी गुडघ्याला लागतं.

शिमल्याच्या बाजूचे तोटेही आहेत. नारकंड्यापर्यंत गाड्यांची वर्दळ, जूनमध्ये रामपूरला घामाने भिजवणारा उकाडा, पुढे वीज प्रकल्पांचे ट्रक आणि धूळ. नाकोजवळ वरून दगड येतात, तो टप्पा थांबा न घेता पार करायचा. आणि एकूण चढ मनालीपेक्षा बराच जास्त. पाय दुखतील, पण दुखऱ्या पायांनी रात्री झोप तरी लागते.

सायकल कोणती? शिमला-मनाली पूर्ण करायचं तर कुठूनही चढा, कुंझुमचे दगड आहेतच. ग्रॅव्हल बाइक (रोड सायकलसारखी, पण जरा रुंद टायरची) किन्नौरच्या डांबरावर नक्की वेगाने जाते, पण ४० मिलिमीटरचा टायर त्या गोट्यांत मनगटं खिळखिळी करतो. मी पुढच्या सस्पेन्शनची साधी एमटीबी (माउंटन बाइक) आणि सव्वादोन इंची टायर निवडेन. गिअर त्याहून महत्त्वाचा. पुढे ३२ आणि मागे ५० दात असतील तर मिनिटाला ६० पेडल मारून ताशी ५ किलोमीटरने चढता येतं. ग्रॅव्हलवर पुढे ३०, मागे ३४ असेल तर त्याच पेडलांना जवळपास ७ चा वेग धरावा लागतो. पातळ हवेत, सामानासकट, हा फरक म्हणजे चढणं आणि ढकलणं यातला फरक. हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि एमटीबीच्या मधली, शिमला-काझापुरतीच न्या.

ब्रेक पॅड, डीरेल्युअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा), चेन जोडायच्या क्विक लिंक आणि दोन ट्यूब घरूनच न्या. मागच्या कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी आवळा, गोट्यांनी ते सैल होतात. सराव सिंहगडावर करा, पण सगळं सामान लादून. पायांची तयारी होते तिथे, उंचीची नाही.

महिन्याची एक अडचण आहे. आपली मे महिन्याची सुट्टी फार लवकर येते, कुंझुम अनेकदा तेव्हा बर्फाखाली असतो. दिवाळी फार उशिरा. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी असला तरी किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. सप्टेंबर उत्तम. नाले उतरलेले असतात, आकाश निवळलेलं असतं. गणपती आटोपून निघता आलं तर रेल्वेचं तिकीट आजच काढा, शिमल्याच्या पायथ्याच्या कालकापर्यंतचं.