एरिरी उर्फ स्नोडोनिया: शिखर ढगात गेलं तरी पैसे वसूल

आईबाबा पुण्याहून आले होते म्हणून मँचेस्टरहून गाडी काढून तीन दिवस वेल्सच्या एरिरी नॅशनल पार्कला जाऊन आलो. नॅशनल पार्क म्हटल्यावर आईला गेट, तिकीट, जीप असलं काहीतरी वाटत होतं, पण इथे तसं काहीच नाही, पार्कमध्येच गावं आहेत, मेंढ्या आहेत, शाळा आहेत, तुम्ही कधी आत शिरलात ते कळतही नाही. रस्त्यावर जागोजागी ARAF लिहिलेलं, तर आई म्हणे हा अराफ कोण? अरे बाबा, वेल्श भाषेत त्याचा अर्थ "हळू"!

बाबांनी पार्कमधल्या सगळ्यात उंच शिखराची उंची विचारली. 1085 मीटर म्हटल्यावर "कळसूबाई 1646 आहे" एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. (शिखराचं नाव अर विद्वा, आपण स्नोडन म्हणतो ते. 2022 पासून पार्कवाले स्वतः वेल्श नावंच वापरतात.)

एक गोष्ट नीट ऐका, पेन-इ-पासचं (शिखराच्या वाटा जिथून सुरू होतात ती खिंड) पार्किंग आधी ऑनलाइन बुक करा, नाहीतर गाडी खाली कुठेतरी लावून शेर्पा बस पकडा. आम्ही बुक केलं होतं, वर पोचलो तर समोर फक्त पांढरं, डोंगर गायब. मग शिखराचा नाद सोडून माइनर्स ट्रॅकने तळ्यापर्यंत चालत गेलो, रुंद वाट आहे, बाबांच्या गुडघ्यालाही झेपली, वाटेत तांब्याच्या जुन्या खाणीच्या पडक्या भिंती, आणि पाऊस आडवा येतो हो, छत्री आणू नका, रेनकोटच. गुडघे अगदीच बोलत असतील तर लान्बेरिस गावाहून शिखरापर्यंत 1896 पासून दातेरी रुळांची ट्रेन आहे, पण वर ढग असेल तर एवढं महाग तिकीट काढून ढगच बघायचाय का ते आधी ठरवा.

खरी मजा आली ती फेस्टिनिओग रेल्वेत. आपल्या माथेरानच्या गाडीसारखेच दोन फुटी रूळ, पण ही 1836 ची. ब्लायनाय फेस्टिनिओग गावच्या खाणीतला पाटीचा दगड (स्लेट) पोर्थमाडोग बंदरात न्यायला बांधली, भरलेले डबे उतारावर आपोआप खाली यायचे आणि घोडे त्याच गाडीत बसून यायचे, रिकामे डबे ओढत परत वर! बाबांनी हे मला चारदा सांगितलं, जणू मी तिथे नव्हतोच. ब्लायनाय गाव मात्र चारही बाजूंनी पार्कने वेढलेलं असूनही स्वतः पार्कमध्ये नाही. पाटीच्या भंगाराचे राखाडी डोंगर बघितले की कारण कळतं, आणि आता तेच डोंगर 2021 पासून जागतिक वारसा!

बेडगेलर्ट गावात एका इमानी कुत्र्याची समाधी आहे. राजाला वाटलं कुत्र्याने बाळ मारलं, त्याला मारून टाकल्यावर बाळ सुखरूप आणि शेजारी लांडगा मेलेला दिसला. आई पहिल्याच वाक्याला म्हणाली, "ही तर मुंगसाची गोष्ट." समाधी एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून बांधली असं सांगतात, तरी आईचे डोळे ओले झालेच.

कॉटेजचं मात्र नाव घेत नाही. हीटर रात्री दहाला बंद, ब्लँकेट जास्तीचं हवं तर वेगळे पैसे. थर्मल आणि थेपले दोन्ही सोबत ठेवा.

शेवटच्या दिवशी समुद्रकाठचं बारमथ गाव. 1867 चा लाकडी पूल, खाडीवरून ट्रेन जाते आणि बाजूने चालायची वाट. आम्ही मधोमध पोचलो तेव्हा पहिल्यांदाच ऊन पडलं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि एका सीगलने बाबांच्या हातातली चिप्स पळवली. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "कळसूबाईवर माकडं तरी विचारून घेतात."