पायथनचं रेजेक्स: आकडे पकडतं, काना-वेलांटी सोडतं

मजकुराच्या फायली साफ करायला दरवर्षी पैसे मागणारं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यासोबत फुकट येणारं ‘आरई’ हे मॉड्यूल धरलं. रेजेक्स, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर शोधायची चिन्हभाषा, त्यातच असतं. सिंटॅक्सची ओळख करून देत बसत नाही, ती वाचणाऱ्यांना असेलच.

सुरुवातीचे महिने मी जाम खूश होते, ते बॅकस्लॅश-डी, म्हणजे आकडा शोधणाऱ्या खुणेवर. जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पायथन ३ मध्ये ‘१५/०८/१९४७’ मधले आकडेही अलगद सापडतात, वर मजकुराची संख्या करणाऱ्या ‘इंट’ला ‘४७’ दिलं तर नीट संख्या हातात येते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

मग शब्दांची यादी काढायला बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे शब्दातलं अक्षर शोधणारी खूण, तिच्यापुढे अधिक चिन्ह (‘एक किंवा जास्त’) लावलं. ‘मराठी’चे दोन तुकडे: ‘मर’ आणि ‘ठ’! काना-वेलांटी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, अक्षरांत नाही, जोडचिन्हांत मोडते. आणि इथल्या डब्ल्यूला अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच कळतं.

यादीतला घोळ निदान दिसतो तरी. बॅकस्लॅश-बी, म्हणजे शब्दाची सीमा, गुपचूप घात करते. दोन्हीकडे बी लावून ‘घर’ शोधा: ‘घरी’ सापडतं, ‘घरात’ सापडतं, ‘घरचा’ नाही! कारण ‘च’ अक्षर आहे, वेलांटी नाही. ‘घर’च्या जागी ‘वाडा’ घातलंत की ‘घरी’चं होतं ‘वाडाी’. काना आणि वर वेलांटी. मुद्रितशोधकांनी हटकलं नसतं तर हे छापून आलं असतं.

पायथनच्या बगांच्या यादीत ही तक्रार २०११ सालीच नोंदली गेली आहे. १९८७ ची पर्ल भाषा, जिला सगळे म्हातारी म्हणतात, तिच्या डब्ल्यूत मात्र ही चिन्हं धरलेली आहेत. चिडायचं नाही तर काय करायचं?

उतारा फुकटच आहे, हे कबूल. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल पिपने (पायथनची मॉड्यूलं बसवणारं साधन) टाका आणि डब्ल्यूऐवजी चौकोनी कंसात बॅकस्लॅश-पी दोनदा द्या, एकापुढे महिरपी कंसात एल, दुसऱ्यापुढे एम. अक्षरं आणि चिन्हं दोन्ही येतात. जुन्या फायलींत ‘र्‍या’ लिहिताना मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) असतो, तो वेगळा घालावा लागतो. तो विसरलात तर ‘दर्‍या’ पुन्हा मधोमध फुटते.

तीन तारे. दोनच देणार होते, तारखांनी एक वाचवला.