वसुलीवाल्यांचा छळ आणि रिझर्व्ह बँकेचं तक्रार पोर्टल: मला आलेला अनुभव

आधी सरळ सांगते. हे पोर्टल कर्ज माफ करत नाही, हप्ता कमी करून देत नाही, सिबिलही सुधारत नाही. पण वसुलीच्या नावाखाली कोणी गल्लीत आणि नातेवाइकांत तुमची अब्रू काढत असेल, तर रिझर्व्ह बँकेची ही लोकपाल व्यवस्था (लोकपाल म्हणजे बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) खरंच कामाची आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार.

मी लातूरला ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. ओव्हरलॉक मशीनसाठी 2023 मध्ये एका फायनान्स कंपनीच्या ॲपवरून कर्ज काढलं. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, दुकान बंद ठेवावं लागलं आणि हप्ते थकले. पैसे द्यायचे नाहीत असं मी कधीच म्हटलं नाही, मुदत मागितली होती. तरी सकाळी सहालाच फोन सुरू. मग जाऊबाईंना फोन. मग ज्यांच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला होते, त्या ताईंना फोन: "तुमची टेलर पैसे बुडवून पळणार आहे, कापड परत घ्या." एकानं तर दुकानासमोर गाडी लावून माझं नाव आणि थकलेली रक्कम रस्त्यावर ओरडून सांगितली. जाऊबाई जामीनदार नव्हत्या, त्यांचा नंबर फक्त रेफरन्स म्हणून दिला होता. गिऱ्हाइकांचे नंबर तर मी दिलेच नव्हते. ते माझ्या मोबाइलमधूनच उचलले गेले असणार.

माझ्या एका गिऱ्हाइकाचे यजमान बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी रिझर्व्ह बँकेचं 12 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास, यातलं काहीच चालत नाही. वसुलीचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीचीच राहते. डिजिटल कर्जाचे नियम त्याच वर्षी 2 सप्टेंबरला आले. त्यात कर्जाच्या ॲपनं मोबाइलमधली नंबरांची यादी आणि कॉल लॉग यांना हात लावू नये असं स्पष्ट म्हटलंय. माझ्या बाबतीत यातला जवळजवळ प्रत्येक नियम मोडला होता.

आता पोर्टलबद्दल. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. इथे सगळ्यात महत्त्वाची अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. फोनवर भांडलेलं धरत नाहीत. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर लिहायचं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर लोकपालाकडे जायचं. या पायरीवाचून केलेली तक्रार तिथेच बंद होते. वकील लागत नाही. उलट, वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला पोस्टानं पाठवता येते. 14448 या नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

माझं काम झालं ते पुराव्यामुळे. एका वहीत तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून, कोणाला फोन आला आणि काय बोलले, हे सगळं लिहीत गेले. सकाळच्या कॉलचे स्क्रीनशॉट घेतले. जाऊबाईंनी आणि त्या ताईंनी आपल्याला आलेल्या फोनबद्दल सही करून लिहून दिलं. त्या दोघींचे उपकार मी विसरणार नाही. लाजेनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर हे कागद उभेच राहिले नसते. तक्रारीत कर्जाबद्दल एकच वाक्य लिहिलं, "थकबाकी मान्य आहे." पुढचं सगळं फक्त वागणुकीबद्दल. असंच करा. हप्ता का थकला याची कहाणी त्यात घातली की मुद्दा भरकटतो.

प्रकरण तडजोडीनं मिटलं. नातेवाइकांना आणि गिऱ्हाइकांना फोन करणार नाही हे कंपनीनं लेखी दिलं, तो एजंट बदलला आणि हप्त्यांना मुदत दिली. मुदत कंपनीनं आपणहून दिली, लोकपाल तसा हुकूम देत नाही. मनस्तापाबद्दल भरपाईही मागता येते, 2021 च्या लोकपाल योजनेत तिची मर्यादा एक लाख होती. मला फोन थांबायला हवे होते, ते थांबले.

एक स्टार कापला तो त्या 30 दिवसांसाठी. रोज सकाळी शिव्या खाणाऱ्या बाईला महिनाभर थांबा म्हणणं जड आहे. छळाच्या तक्रारींना तरी वेगळी, लवकरची वाट हवी. अंगावर येण्याची धमकी असेल तर वाट पाहू नका, थेट पोलीस स्टेशन गाठा. फोटो बिघडवून पाठवत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा.

आणखी एक, आपल्याकडे यात फार गोंधळ होतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हे पोर्टल उपयोगाचं नाही, त्यासाठी सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय. खासगी सावकाराचंही तसंच, तिथे 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा लागतो. घरकर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँक. आणि ॲपमागे नोंदणी असलेली कंपनीच नसेल तर पोलीस आणि रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल, म्हणजे अशा बेकायदा कंपन्यांची तक्रार करायची जागा. म्हणून आधी कर्जाचे कागद काढा आणि पैसे नेमके कोणी दिलेत ते नाव बघा. ॲपचं नाव वेगळं आणि कंपनीचं वेगळं असतं.

तक्रार चालू असतानाही जमेल तेवढं भरत राहा, पण दारात आलेल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका. कर्जखात्यातच भरा आणि पावती त्याच वहीत लावा.