जुनी कॅम्पर गाडी असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याबाहेरचं हे गॅरेज ध्यानात ठेवा

आमची गाडी २००४ ची टेम्पो ट्रॅव्हलर, म्हणजे कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं तेव्हाची, फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आलं. आधी ती शाळेची पोरं न्यायची, मग आम्ही घेतली न् आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मागं संडास असं सगळं बसवून घेतलं. आईचे गुडघे गेलेत, तिला एसटीत चढणं होत नाही आणि रस्त्यात बाथरूमचा लय वांधा होतो, म्हणून हा सारा खटाटोप. पण अशा गाडीला मिस्त्री भेटणं किती कठीण आहे हे ज्याच्या दारात उभी आहे त्यालाच माहीत. आतलं फर्निचर पाहिलं की अर्धे लोक हातच लावत नाहीत.

गाडीचा एकच आजार होता, घाट लागला की गरम. सपाट रोडवर कितीही चालवा काटा अर्ध्यावर, चढाव आला की लालमध्ये. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, कूलंट नवीन टाकलं, साडेचौदा हजार घेतले आणि पुढच्याच घाटात पुन्हा तेच. मे महिन्यात चिखलदऱ्याला निघालो तर धामणगाव गढीच्या पुढं चढ लागल्यावर काटा वर जायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल सोडला, कारण हीटर इंजिनाचीच गरमी आत ओढतो न् काटा थोडा खाली येतो, पण बाहेर ४४ डिग्री आणि आत आई पदरानं वारा घेऊन राहिली होती, ते काही मला पाहवलं नाही. गाडी फिरवली न् दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली आणली, तर उतारावर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, पायाखाली स्पंज असल्यासारखं. तेव्हा मात्र खरंच घाबरलो.

परतवाड्याबाहेर, चिखलदरा रोडलाच, संत्र्याच्या बगीच्याला लागून कडुलिंबाखाली हे गॅरेज आहे. बोर्ड धड वाचता येत नाही. मिस्त्रीभाऊंनी पाना हातात घेतलाच नाही, आधी विचारलं, "सपाटले गरम होते का निस्त्या चढावाले? एसी चालू असल्यावर जास्त होते का?" सगळं ऐकून घेतलं, मग इंजिन चालू ठेवायला सांगून पेपरचं एक पान समोरच्या जाळीला लावलं. इंजिनाचा पंखा हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटून राहायला पाहिजे. आमचा कागद सरकन खाली पडला. "भाऊ, इंजिन चांगलं हाय तुमचं, त्याले हवाच नाई भेटून रायली."

आमच्या गाडीला एसी मागाहून बसवला आहे, त्याचा कंडेन्सर, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी, इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या पुढं आहे. त्याचे बोल्ट ढिले करून भाऊंनी तो पुढं झुकवला आणि मधल्या फटीत पाहतो तर कापूस! बोटभर जाड थर, धुळीनं काळा पडलेला, नमद्यासारखा दाबून बसलेला. त्यांनी एका कोपऱ्यातून धरला न् ओढला तर जुन्या गोधडीचा तुकडा निघावा तसा अख्खा निघून आला, आतल्या बाजूनं पांढराच होता. आम्ही दर्यापूरकडचे, भाव वाढेस्तोवर कापूस ज्या टिनाच्या शेडमध्ये गंजी मारून ठेवतो तिथंच गाडी उभी असते, इंजिन चालू केलं की पंखा ते तंतू ओढत होता, किती वर्षांपासून देव जाणे. पुढून पाहिलं तर कंडेन्सर आड येतो, मागून पाहिलं तर पंखा, त्यामुळं दिसतच नाही. रेडिएटर त्यांनी इंजिनाच्या बाजूनं पुढं असा साध्या पाइपनं धुतला, प्रेशरच्या पाण्यानं बारीक पत्र्या वाकतात म्हणाले. रेडिएटरचं झाकणही बदललं, त्याचं रबर कडक झालं होतं. झाकणानं प्रेशर धरलं तरच पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, आणि चिखलदरा साधारण ११०० मीटरवर, तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९६ लाच उकळतं, तर असं झाकण घाटात आणखी लवकर दगा देणार.

ब्रेकचं ऑइल चहापत्तीच्या पाण्यासारखं काळं निघालं. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल वाफेलाच दाबत बसतं, म्हणून ते मऊ लागतं. शेवटचं कधी बदललं विचारलं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मागच्या डाव्या चाकात ब्रेक दाबणारा व्हील सिलेंडरही पाझरत होता. तो अमरावतीहून मागवला, दुसऱ्या दिवशी आला, मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, पेडलवर माझ्या पोराला बसवलं, "दाब... धरून ठेव... सोड," असं तासभर चाललं. पोरगं लय खूश.

टायरची नक्षी चांगली होती पण बाजूला चिरा पडलेल्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, आमच्यावर १४१५ होतं, म्हणजे २०१५ चा टायर. अशा गाड्या फिरतात कमी न् उभ्या जास्त, टायर झिजत नाहीत, वाळतात. आणि २०० लिटरची टाकी आम्ही मागच्या एक्सलच्याही मागं बसवली, म्हणजे भरली की दोन क्विंटल वजन शेपटीला, कमानपाटे सपाट झालेत. भाऊ म्हणाले टाकी एक्सलच्या पुढं घ्या, तोवर अर्धीच भरत जा. ते काम आता दिवाळीनंतर.

कमी काय ते पण सांगतो. बसायला एक बाज आहे फक्त, फोन उचलत नाहीत, सामान जवळ ठेवत नाहीत म्हणून एक-दोन दिवस मुक्कामाची तयारी ठेवा. वायरिंगला हात लावत नाहीत. आमची आतल्या पंख्यांची बॅटरी न् स्टार्टरची बॅटरी थेट जोडलेली होती, रात्री पंखे चालले की सकाळी गाडी मुकी, त्यासाठी त्यांनी सरळ शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं धाडलं, त्यानं मधात रिले टाकला, म्हणजे इंजिन बंद असलं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा स्विच. बिल वहीच्या पानावर लिहून देतात, पण त्यात एकूण एक नट धरलेला असतो. सामान धरून माझे ६,२०० झाले, रिलेचे वेगळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच घाट चढलो. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही, आई खिडकीतून सागाची झाडं पाहत बसली होती. या गॅरेजला जाताना गाडीची जुनी बिलं सोबत न्या, आधी काय काय बदललं हे भाऊ पहिल्यांदा विचारतात.