डर्बीच्या गाडीत पेट्रोलची टाकी आणि पंप: कुठलं घ्यावं, कुठलं टाळावं

डर्बी म्हटलं की ज्यांना महालक्ष्मीचा रेसकोर्स आठवतो त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. अमेरिकेत उन्हाळ्यात गावोगावी काउंटी फेअर भरतात, आपल्या जत्रेसारख्याच, पाळणे, गुरांची प्रदर्शनं, तळलेलं खाणं, आणि त्यात एका संध्याकाळी डिमॉलिशन डर्बी असते. पाणी मारून चिखल केलेलं रिंगण, आत दहा-बारा जुन्या गाड्या, काचा सगळ्या काढलेल्या, आणि एकमेकांना ठोकत राहायचं, शेवटी जी हलतेय ती जिंकली. मी इंडियानात राहतो, शेजारी या नादाचा, त्याच्या गराजमध्ये "जरा पाना धर" एवढ्यावर गेलो होतो त्याला आता पाच सीझन झाले. घरी अजून सांगितलेलं नाही की पुढच्या वर्षी मीच बसणारे.

तर ज्याला पहिली गाडी बनवायचीय तो इंजिन बघतो, टायर बघतो, बंपर बघतो, आणि टाकी-पंप शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते लावतो. मीपण तेच केलं होतं. खरंतर हे दोन्ही आधी ठरवायचे असतात कारण बाकी वायरिंग, पाइप, सीटमागचा पिंजरा सगळं त्यावर अवलंबून असतं.

मूळ टाकी ठेवता येत नाही का, हे सगळेच विचारतात. जुन्या मोठ्या अमेरिकन सेडानची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, डिक्कीखाली असते, आणि डर्बीत रेडिएटर वाचवायला सगळे रिव्हर्समध्येच मारतात. म्हणजे तुमची टाकी बरोब्बर तोफेच्या तोंडी. म्हणून जवळजवळ प्रत्येक ठिकाणच्या नियमात मूळ टाकी काढून मागच्या सीटच्या जागी, मधोमध, छोटी टाकी बसवायची असं असतं. छोट्या गाड्यांच्या क्लासमध्ये टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर बरेच जण आहे तशी राहू देतात, पण फेअरचं नियमांचं पान आधी वाचा, दर काउंटीचं वेगळं असतं.

आता टाकीत मुख्य पर्याय दोन. एक बोटीची प्लॅस्टिकची लाल टाकी, ती आउटबोर्ड मोटरला लावतात ती, सहा गॅलनची साधारण. दुसरी फ्युएल सेल, म्हणजे रेसिंगची टाकी, बाहेर पत्र्याचा डबा, आत फोम, वर प्लेटमध्ये सगळे फिटिंग.

बोटीची टाकी स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळते, पिकअप पाइप (टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी) आणि गेज तयार असतं, एवढंच तिचं कौतुक. प्लॅस्टिक उघडं ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी पास करत नाहीत, स्टीलच्या खोक्यात बसवावी लागते, मग ते खोकं वेल्ड करा, त्याला पट्ट्या मारा, असं करत स्वस्ताई निम्मी संपली. आणि नव्या टाक्यांची एक गंमत आहे, पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून आता त्यांचं झाकण आपोआप बंद राहतं, आत साधारण ५ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे इथलं दाबाचं माप) दाब धरतात. उन्हात लायनीत उभी असलेली गाडी, मागे टाकी पुरीसारखी टम्म फुगलेली, हे मी डोळ्यानं बघितलंय. आता विचार करा, कार्बोरेटरला लागतात ५ ते ७ पीएसआय, आणि टाकीतूनच फुकटात ५ येतायत, इंजिन बंद असताना! कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली बारीक कचरा असला तरी पेट्रोल पाझरत पाझरत खाली इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये जातं, आणि तुम्ही चावी मारली की काळा धूर, ओव्हरफ्लो, भिजलेले प्लग. जुन्या टाक्यांना झाकणावर हातानं फिरवायचा स्क्रू असायचा, त्याचं दुखणं उलटं, तो उघडायचा विसरलात तर आत व्हॅक्यूम होऊन पाच मिनिटांत इंजिन उपाशी मरतं.

आणखी एक, बोटीच्या टाकीला जो चटकन लागणारा कनेक्टर असतो तो काढून फेका. बोटीवर ठीक आहे, इथे एका धक्क्यात निघतो. थ्रेडचा पितळी निपल लावा आणि पाइपला स्क्रूवाली क्लिप.

फ्युएल सेल महाग पडते, छोटी घेतली तरी बोटीच्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट. पण व्हेंटला, म्हणजे हवेच्या भोकाला, रोलओव्हर व्हॉल्व्ह असतो, गाडी कलंडली तर आतली गोळी बसून रस्ता बंद, आणि फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही. हे हिंदकळणं बाहेरून किरकोळ वाटतं, प्रत्यक्षात रिव्हर्समध्ये वीसच्या स्पीडनं येऊन कुणावर आदळलात की टाकीतलं सगळं पेट्रोल एका भिंतीवर जाऊन बसतं आणि पिकअप पाइप कोरडा, हवा ओढतो. फोमचा तोटा एवढाच की तो कायमचा नाही. इथल्या पंपावरचं पेट्रोल १० टक्के इथेनॉलवालं, त्यानं फोम काही वर्षांत पिवळ्या चुऱ्यासारखा व्हायला लागतो आणि तो चुरा फिल्टरमध्ये. सेकंडहँड सेल घेत असाल तर वरची प्लेट उघडून फोम चिमटीत धरून चोळा, बोटाला भुगा लागला तर फोमचे नवीन ठोकळे टाकायचा खर्च किमतीत धरा, नाहीतर सोडून द्या.

घरी वेल्ड केलेली स्टीलची टाकी पण काहीजण वापरतात. तुमच्या वेल्डरवर तुमचा जेवढा विश्वास तेवढी ती चांगली.

माझं मत विचाराल तर टाकीत पैसे वाचवू नका, पंपात वाचवा. पंप बिघडला तर गाडी बंद पडते. टाकी फुटली तर ती तुमच्या पाठीमागे दोन फुटांवर आहे.

पंपाकडे वळू. यात तुमचं इंजिन अर्धा निर्णय करून ठेवतं. जुनं शेवरोलेचं (इथे सगळे शेवी म्हणतात) स्मॉल ब्लॉक किंवा फोर्डचं ३०२, ३५१ इंजिन असेल आणि वर कार्बोरेटर असेल तर मेकॅनिकल पंप, आपल्याकडे गराजवाले ज्याला एसी पंप म्हणायचे तोच, अँबॅसिडर-पद्मिनीला असायचा तो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा दांडी हलवतो, दांडी डायफ्राम हलवते, पेट्रोल येतं. वायर नाही, फ्यूज नाही, दाब आवरणारा रेग्युलेटर नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इंजिन थांबलं की पंप थांबला. कुणाला काही दाबावं लागत नाही.

याचे तोटे पण खरे आहेत. तो इंजिनाला चिकटलेला, म्हणजे रेडिएटर फुटल्यावर इंजिन तापलं की पंपही तापतो आणि आतलं पेट्रोल वाफ होतं, व्हेपर लॉक, आणि डर्बीत रेडिएटर फुटणं हे धरूनच चालायचं. शेवीमध्ये तो उजव्या बाजूला खाली पुढे असतो, पुढून मार बसला आणि इंजिनाचं फाउंडेशन तुटून इंजिन सरकलं की पंपाची नळी फ्रेममध्ये चेपते. आणि इतक्या लांबून, मागच्या सीटपासून ओढायचं म्हणजे वाटेत एक जरी क्लिप सैल असली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि तुम्ही कार्बोरेटर उघडून जेट साफ करत बसता. शेवीत पंप बदलताना मधली दांडी सारखी खाली घसरते, एक हात वर एक हात खाली, शिव्या देत. तिला जाड ग्रीस फासा, कडाक्याची थंडी असल्यासारखी चिकटून बसते, मग पंप लावा. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

इलेक्ट्रिकमध्ये कार्बोरेटरसाठी कमी दाबाचा घ्यायचा. हॉली कंपनीचा लाल पंप ७ पीएसआयला आधीच सेट असतो, सरळ लावा. निळा १४ देतो, त्याला रेग्युलेटर लागतोच, आणि लोक स्वस्तात मिळाला म्हणून निळा आणतात आणि रेग्युलेटर विसरतात. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला आळशी, म्हणून टाकीच्या शक्य तितक्या जवळ आणि शक्य तितके खाली बसवायचे. व्हेपर लॉकचा त्रास खूप कमी, कारण पंप इंजिनापासून लांब आणि पुढची सगळी लाइन दाबाखाली. तापलेल्या इंजिनावर शेवटची पाच मिनिटं काढायची असतील तर इलेक्ट्रिक सरस आहे, हे मान्यच करायला लागेल.

पण इंजिन बंद पडलं, नळी तुटली, आणि पंप चालूच, तर तो गरम एक्झॉस्टवर पेट्रोल शिंपडत राहतो. म्हणून नियमात पंप बंद करायचा स्विच असतो, मोठ्या अक्षरात लिहिलेला, बाहेरच्या माणसाचा हात पोचेल असा. मी तेवढ्यावर भागवणार नाही. ऑइल प्रेशर स्विचमधून पंपाची वायर घ्या, स्टार्टर मारताना करंट स्टार्टरकडून, इंजिन चालू झालं की ऑइलच्या दाबावर, दाब गेला की पंप आपोआप बंद. थोडक्या पैशात मेकॅनिकल पंपाचा सगळ्यात चांगला गुण इलेक्ट्रिकला मिळतो. तुम्ही धक्क्यानं गांगरलेले असाल तेव्हा स्विच शोधायला हात जाईलच असं नाही.

तिसरी केस इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची, बहुतेक वेळा फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, ४.६ लिटरवाली, पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी वापरून टाकलेली. या इंजिनाला मेकॅनिकल पंप बसायची जागाच नाही, त्यामुळे चर्चा संपली, इलेक्ट्रिकच. आणि दाब ४० पीएसआयच्या आसपास, जीएमच्या ट्रकवाल्या इंजिनांना तर ६० च्या घरात. इथे कार्बोरेटरवाला रबरी पाइप चालत नाही, इंजेक्शनचा वेगळा पाइप आणि वेगळ्या क्लिपा लागतात, साधा पाइप क्लिपखालून हळूहळू सरकतो आणि मग एकदम सुटतो. रेग्युलेटर कुठे आहे, जादा पेट्रोल टाकीत परत न्यायची रिटर्न लाइन लागते का, हे गाडीनुसार बघायचं.

इंजेक्शनचा खरा कमकुवतपणा हवा. कार्बोरेटरच्या वाटीत काही सेकंदांचं पेट्रोल साठलेलं असतं, पिकअपनं घोटभर हवा ओढली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्शनला तशी वाटी नाही, हवा आली की दाब पडला, इंजिन मेलं. त्यामुळे इंजेक्शन असेल तर फोमवाली सेलच, बोटीच्या टाकीचा विचारही नको. उलट बाजूनं सांगायचं तर कार्बोरेटर धक्क्यात वाटीतलं पेट्रोल वरच्या व्हेंटमधून सांडतो आणि गुदमरतो, त्यावर लोक दोन्ही व्हेंटला एक रबरी नळी कमानीसारखी जोडतात, एकातून उडालं की दुसऱ्यात पडतं. नळीला वरच्या बाजूला खाच पाडायला विसरू नका, नाहीतर हवा कुठून घेणार.

माझी पहिली गाडी क्राउन व्हिकच होती. शेजारी चालवत होता, झेंडा पडला, पहिलाच फटका मागून, आणि इंजिन ठप्प. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. त्यानं दोनतीनदा मारून बघितलं, वेळ संपली, दारावरची काठी मोडली, म्हणजे आउट. आम्ही ट्रेलरवर चढवून घरी आणली, पंप बघितला ठीक, वायर ठीक, रात्री अकरा वाजता डिक्कीच्या डाव्या बाजूला एक छोटी डबी दिसली, तिच्यावरचं बटण वर आलेलं. इनर्शिया स्विच! अपघात झाला की पेट्रोल पंप बंद करायला फोर्डनं दिलेला. गाडीनं तिचं काम चोख केलं होतं, आम्ही मूर्ख. नवीन वायरिंग करताना तो सर्किटमधून काढायचा असतो आणि त्याची जबाबदारी वर सांगितलेल्या ऑइल प्रेशर स्विचला द्यायची, किंवा इंजिन फिरायचं थांबलं की मूळ कंप्युटर पंप बंद करतो ते वायरिंग जिवंत ठेवायचं. नुसता काढून पंप सरळ बॅटरीवर जोडणारे आहेत, त्यांच्या शेजारी मी गाडी लावत नाही.

पंप कुठलाही असो, टाकीतून बाहेर पडल्या पडल्या एक कॉक बसवा. टाकीतली पातळी बऱ्याचदा इंजिनाखालच्या तुटलेल्या नळीपेक्षा वर असते, मग पंप बंद असला तरी पेट्रोल आपोआप वाहत राहतं. बजाज स्कूटरमधून तोंडानं पाइप ओढून पेट्रोल काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, ती चव जात नाही.

मग घ्यायचं काय? जुनी शेवी, कार्बोरेटर, पहिलंच वर्ष, तर छोटी स्टीलची सेल आणि मेकॅनिकल पंप, डोळे मिटून. तीच गाडी घेऊन फायनलपर्यंत तापत तापत जायचं असेल तर पुढच्या वर्षी लाल पंप आणि ऑइल प्रेशर स्विच. क्राउन व्हिक मिळाली असेल तर सेल, जास्त दाबाचा पंप, चांगले पाइप, याचं बजेट गाडीच्या किमतीएवढं जाऊ शकतं, हे आधी समजून मग गाडी घ्या. बोटीची टाकी मी फक्त एका हीटपुरत्या, म्हणजे एका फेरीपुरत्या, कार्बोरेटरच्या गाडीत, स्टीलच्या खोक्यात, जुन्या झाकणासकट चालवून घेईन.

आणि फेअरच्या आदल्या रात्री टाकीत एक गॅलन भरा, लाइनमध्ये दाब येईपर्यंत इंजिन चालवा, बंद करा, चावी पुन्हा ऑन करून इंजिन न फिरवता कान द्या, पंपाचा आवाज आला नाही पाहिजे (मूळ कंप्युटरवर असेल तर सुरुवातीचे एकदोन सेकंद येतो, मग थांबला पाहिजे). मग टाकीपासून पुढच्या बंपरपर्यंत खाली कोरडा पुठ्ठा अंथरा आणि झोपायला जा. सकाळी पुठ्ठ्यावर जिथे डाग दिसेल, बरोबर त्याच्या वरची क्लिप सैल आहे.