टायमर, वेळवही आणि पिवळ्या चिठ्ठ्या : वाचनालयात आठ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये भांड्यांच्या दुकानातून १७० रुपयांना एक टायमर आणला. पांढरा, मागे लोहचुंबक, कुकरची शिटी विसरणाऱ्यांसाठी असतो तसला. मला तो वाचनालयातल्या लोखंडी कपाटाला चिकटवायचा होता. सोबत एक दोनशे पानी वही आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचं पाकीट. सगळं मिळून तीनशेच्या आत, तेही स्वतःच्या पर्समधून. एवढ्याशा व्हाउचरवर सही घ्यायला दोन फेऱ्या मारायच्या, तर मग वेळ वाचवायची गोष्टच कशाला?

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गाचं. पुस्तकं अठरा हजारांच्या घरात. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. माणसं दोन : मी ग्रंथपाल, आणि आमचे शिपाई, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं. मामा झाडलोट करतात, बँकेत जातात, टपाल आणतात, आणि उरलेल्या वेळात काउंटरवर बसतात. बाकी दाखल नोंद (नवं पुस्तक क्रमांक देऊन वहीत चढवणं), देवघेव, वर्गणी, किर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, सभेचं इतिवृत्त, फाटक्या पुस्तकांची डागडुजी, सगळं माझ्याकडे. छोट्या वाचनालयात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

टायमर घेतला तो पोमोदोरो पद्धतीसाठी. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस, कॉलेजात असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ही सुरू केली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. पंचवीस मिनिटं एकच काम, पाच मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. वाचायला फार छान वाटलं.

पहिल्या दिवशी सकाळी सव्वाआठला टायमर लावला आणि दाखल नोंदवही उघडली. नव्या पुस्तकाचा क्रमांक टाकला, लेखक लिहिला, नाव लिहीत होते तेवढ्यात, "मॅडम, कालचा पेपर दिसत नाही." उठले, शोधून दिला. बसले. प्रकाशक लिहिला. "ताई, आमच्या हिची वर्गणी कधीपर्यंत भरलीये हो?" पावती पुस्तक काढलं. मग फोन. मग एक मुलगा स्पर्धा परीक्षेचं मासिक आलंय का विचारायला. टायमर वाजला तेव्हा नोंदवहीत तीन ओळी झाल्या होत्या. पेपरच्या टेबलावरचे एक आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, कुकर झाला वाटतं तुमचा."

दोन आठवडे नेटानं करून पाहिलं. काउंटर चालू असताना पंचवीस मिनिटं सलग मिळाली ती तीनदा, त्यातही एकदा धो धो पाऊस होता म्हणून. वर टायमरचा आकडा खाली उतरत असताना समोर वाचक आला की मनात पहिला विचार यायचा, "आता हे कशाला आले?" ग्रंथपालाच्या मनात असं येणं बरं नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. माझा टायमर नेमका उलट चालला होता. तेव्हा त्याला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि वही काढली.

वहीचं काम साधं. दर पंधरा मिनिटांना एक ओळ, आणि त्या वेळात काय केलं त्याचं एक अक्षर. 'दे' म्हणजे देवघेव, 'फो' फोन, 'शो' पुस्तक शोधणं, 'हि' हिशोब, 'ग' गप्पा. तीन आठवडे लिहिलं. कंटाळवाणं आहे हे आधीच सांगते, चौथ्या आठवड्यात मी सोडून दिलं. पण या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त उपयोग त्या तीन आठवड्यांचाच झाला.

माझी खात्री होती की वेळ गप्पांत जातो. वहीनं ते खोटं पाडलं. गप्पा दिवसाला जेमतेम दोन-तीन ओळी होत्या, आणि त्यातच कुणाला काय आवडतं, कुठल्या पुस्तकाची पानं सुटलीत, कोण गाव सोडून चाललंय म्हणजे अनामत परत द्यावी लागणार, हे सगळं कळत होतं. मी त्या कमी केल्या नाहीत. खरा वेळ खात होता 'शो'. रोज पाच-सहा ओळी, म्हणजे तासाच्या वर. कारण शोधलं तर लाज वाटावी इतकं सोपं निघालं. परत आलेली पुस्तकं आम्ही टेबलावर रचून ठेवत होतो आणि शनिवारी कपाटात लावत होतो. त्यामुळे प्रत्येक पुस्तक दोन जागी शोधायला लागायचं, आधी कपाटात, मग ढिगात. ढिगात सापडलं नाही की परत कपाटात.

आता संध्याकाळी साडेसातला मामा आणि मी त्या दिवशीचा ढीग शाळेतून आलेल्या एका जुन्या बाकावर तीन गठ्ठ्यांत लावतो : कथा-कादंबऱ्या, चरित्रं, बाकी सगळं. पाच-दहा मिनिटांत कपाटात. रविवारी सकाळी तेवढं जमत नाही, तेव्हा गठ्ठे तरी लावून ठेवतो. 'शो'चा तास निम्म्याच्या खाली आला. यात टायमरही नाही आणि पद्धतही नाही, पण वही नसती तर मी अजून गप्पांनाच दोष देत बसले असते.

वहीमुळे दुसरी गोष्ट कळली. माझी कामं दोन जातींची आहेत. काही मधेच तोडली तरी बिघडत नाहीत : पुस्तकांना शिक्के मारणं, तारीखचिठ्ठ्या चिकटवणं, कार्डाचे खिसे लावणं, सुटलेली पानं डकवणं, मासिकांची आवक मांडणं. काही मात्र तोडली की हमखास चूक होते : दाखल नोंद, किर्द, वर्गणीचा मेळ, वार्षिक अहवालाचे तक्ते. आणि मी नेमकी दुसऱ्या जातीची कामं काउंटरवर घेऊन बसत होते, कारण ती 'महत्त्वाची' म्हणून डोक्यावर असायची. शिक्के मात्र निवांत वेळ मिळेल तेव्हा.

याची किंमत आधीच मोजली होती. मागच्या पडताळणीत एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तकं निघाली. एक कादंबरी, एक पाककृतींचं. नोंदवहीत कादंबरी होती, दुसऱ्याची ओळच नव्हती. शिक्का होता, गुप्त पानावरही (ओळखीसाठी ठरवलेल्या आतल्या पानावर) होता, म्हणजे पुस्तक आमचंच. लिहिता लिहिता कुणीतरी हाक मारली असणार आणि परत आल्यावर मी तोच क्रमांक पुन्हा टाकला असणार. बिलांच्या फायली उपसून ते निस्तरायला दोन दुपारी गेल्या.

म्हणून आता काउंटरवर फक्त तुटणारी कामं. आणि न तुटणाऱ्यांसाठी मंगळवार-शुक्रवार दुपारी अडीच ते चार, दार बंद, फोन मामांकडे. हा वेळ फुकट द्यायचा नाही हे मी ठरवलं होतं. आपल्याकडे ग्रंथपालाचं मानधन बघता 'सेवाभाव' या शब्दाखाली आधीच पुष्कळ जातं. कार्यवाहांशी बोलून बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी शेवटचा दीड तास मामांवर सोडला, तेव्हा मी घरी. आधी कुरकुर झाली. दुसऱ्या महिन्यात किर्द वेळेवर दिसल्यावर थांबली.

या बंद दारामागे मात्र टायमर झक्कास चालतो. पंचवीस मिनिटांत नऊ-दहा पुस्तकांची पूर्ण दाखल नोंद होते, किमतीपासून बिल क्रमांकापर्यंत. दिवाळी अंक आले तेव्हा तर त्यानं जीव वाचवला. अंक एकदम येतात, अंकांची वेगळी वर्गणी भरलेले सभासद दारात उभे असतात, आणि प्रत्येक अंकाला शिक्का, क्रमांक, प्लॅस्टिकचं कव्हर पाहिजे. दोन फेऱ्यांत तीसेक अंक तयार. पाच मिनिटांची विश्रांती मी अंक चाळण्यात घालवत होते आणि ती पंधरा मिनिटांची होत होती, तो दोष टायमरचा नाही.

पिवळ्या चिठ्ठ्यांबद्दल थोडं. आधी मी लिहायचे, "दाखल नोंद चालू." परत आल्यावर त्यातून काही कळत नाही. आता उठण्याआधी पुढचं पाऊल लिहिते : "१८,२४० झालं. त्याच बिलातलं सातवं पुस्तक घे. किंमत छापील, सवलत शेरा रकान्यात." अर्धं मिनिट जातं. पण दोन दिवसांनी बसले तरी हात आपोआप पुढे चालतो. तिन्ही वस्तूंत एकच ठेवायची तर मी चिठ्ठ्या ठेवीन. फक्त डिंक हलका असतो, पंखा जोरात असला की उडतात. मी कोपऱ्याला टाचणी लावते.

"सॉफ्टवेअर घ्या, वेळ वाचेल," असं हमखास ऐकायला मिळतं. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे हे मलाही माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाच्या गरजेतूनच ते तयार झालं आणि २००० सालापासून वापरात आहे. पण हिशोब करा. एका पुस्तकाची माहिती भरायला तीन मिनिटं धरली तर अठरा हजार पुस्तकांना ९०० तास. रोज एक तास काढला तरी तीन वर्षं. म्हणून आम्ही कपाट एकपासून सुरुवात केलीच नाही. जे पुस्तक परत येतं आणि यादीत नसतं, त्याचीच नोंद एक्सेलमध्ये करतो. आठ महिन्यांत अडीच हजारांच्या आसपास झाली. अठरा हजारांपुढे हा आकडा किरकोळ, पण गाव वाचतं ती पुस्तकं फिरून फिरून तीच असल्यामुळे फोनवर विचारलेलं बहुतेक पुस्तक आता यादीत सापडतं. पुढे सॉफ्टवेअर घेतलंच तर ही यादी त्यात चढवता येईल.

जे जमलं नाही तेही सांगते. गुरुवारी आमचा आठवडी बाजार. खेड्यांवरची माणसं भाजीच्या पिशवीतून पुस्तकं आणतात आणि पुढची एसटी गाठायची असते. त्या सकाळी कुठलीही पद्धत लावू नये, नुसतं उभं राहावं. कार्यक्रमांचे दिवसही तसेच : १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह, आणि आता २७ फेब्रुवारी तोंडावर आलाय. हार, बॅनर, फोटो, बातमी, अहवाल. अहवालाचा एक साचा करून ठेवलाय, तारीख आणि पाहुणे बदलायचे, एवढीच बचत. मोबाइलवरचं टायमर ॲप दोन दिवसांत काढून टाकलं. वेळ बघायला फोन उचलायचा आणि ग्रुपवरचे सुविचार वाचत बसायचं.

व्हॉट्सॲप बिझनेसवर मात्र वेळ, वर्गणीचे दर आणि सुट्ट्या यांची तयार उत्तरं साठवली आहेत. रात्री दहाला "उद्या चालू आहे का?" आलं तर बंद वेळेचा निरोप आपोआप जातो. 'फो'च्या ओळी त्यानं कमी झाल्या.

तर घ्यावं का? वही तीन आठवड्यांपुरती नक्की, चिठ्ठ्या कायम. टायमर घ्यायचा तर आधी दार बंद करता येतंय का ते बघा.

आमचा टायमर उरलेल्या वेळात पेपरच्या टेबलावर असतो. शब्दकोड्याचं पान कुणी किती वेळ धरून बसायचं यावरून रोज सकाळी जुंपायची. त्या 'कुकर'वाल्या आजोबांनीच एक दिवस तो कपाटावरून काढून नेला. आता प्रत्येकाला पंधरा मिनिटं. वाजला की पान पुढच्याकडे, आणि "मॅडम, जरा यांना सांगा," म्हणून मला उठायला लागत नाही. मंगळवारी-शुक्रवारी मला तो मागून घ्यावा लागतो.