जॉब कार्डशिवाय गाडी सर्व्हिस सेंटरला देऊ नका, माझे दीड वर्ष आणि चोवीस हजार गेले

हे लिहायचं की नाही ह्यात दोन महिने गेले, पण गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाची गाडी अगदी माझ्यासारखीच बंद पडली आणि तो पण "फ्री चेकअप करून देतात रे" म्हणून खुश होता, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. जॉब कार्ड म्हणजे गाडी ताब्यात घेताना सर्व्हिस सेंटर आपली तक्रार लिहून घेतं तो कागद. डीलरचं नाव देत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

मी फोंड्याला राहतो, नोकरी वेर्ण्याला. २०२२ च्या दसऱ्याला नवी पेट्रोल गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. पहिली पावणेदोन वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही. मग जून २०२४ मध्ये आईला मडगावला डॉक्टरकडे घेऊन चाललो होतो, पाऊस धो धो, आणि बोरीच्या पुलावर चढताना जॉइंटचा दचका बसला आणि इंजिन गप्प. झटका नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चालत्या गाडीत इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाऊ शकते आणि ब्रेक पण दोन-तीनदा दाबेपर्यंतच नीट लागतो, नंतर पाय सगळा जोर लावून दाबावा लागतो. म्हणून असं झालं तर ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. तो पूल किती अरुंद आहे ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहे, मागे बस, समोरून ट्रक, आणि आई मागच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलेली. वीस मिनिटांनी गाडी जशी काही झालंच नाही अशी चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. अ‍ॅडव्हायझर एकदम गोड माणूस, चहा दिला, स्कॅनर लावला, पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला "कांयच प्रॉब्लेम ना बाब, गाडी ओके आहे". मी विचारलं बिल किती, तर म्हणाला तुमच्याकडून कसले पैसे घेणार, फक्त बघितलं तर आहे, जॉब कार्ड पण नाही बनवलं, उगाच तुमचा टाइम जातो. मला तेव्हा तो भला माणूस वाटला. माझी फसवणूक इथून सुरू झाली हे कळायला मला सोळा महिने लागले.

ऑगस्टमध्ये चवथीच्या आधी परत तेच, यावेळी बाजार करून येताना. त्यांनी थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लीनिंग केलं, ४,१३० रुपये. म्हणाले क्लीनिंग वॉरंटीत येत नाही. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा, तेव्हा बॅटरी वीक आहे म्हणून नवी घातली, ६,२०० रुपये. बॅटरीला बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची वेगळी वॉरंटी असते हे मला कोणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही, जुनी बॅटरी त्यांनीच ठेवून घेतली. फेब्रुवारी २०२५ ला सांगितलं की तुम्ही कुठेतरी खराब पेट्रोल भरलंय, टाकी साफ करून फ्युएल पंप बदलावा लागेल, भेसळीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नाही बसत. १३,९०० रुपये. जुना पंप दाखवा म्हटलं तर स्क्रॅपमध्ये गेला. मी कायम एकाच पंपावर पेट्रोल भरतो, तिथल्या दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडलेली मी ऐकली नाही. तिन्ही मिळून २४,२३० रुपये झाले आणि गाडी तशीच.

आता एक गोष्ट जी मी बरोबर केली ती सांगतो. नोव्हेंबरनंतर मी गाडीत एक छोटी वही ठेवली आणि प्रत्येक वेळी तारीख, जागा, किती वेळ चालवली होती, पाऊस होता का, किती मिनिटांनी चालू झाली हे सगळं लिहायला लागलो. सात-आठ नोंदी झाल्यावर एकदा रात्री वाचत बसलो तर लक्षात आलं की प्रत्येक वेळी कुठेतरी दचका आहे, कधी पुलाचा जॉइंट, कधी स्पीड ब्रेकर, कधी खड्डा. आणि पावसात जास्त. म्हणजे पेट्रोलचा काही संबंध नाही, कुठेतरी वायर हलतेय हे माझ्यासारख्या अकाउंट्सच्या माणसाला पण कळत होतं. ती वही घेऊन मी अ‍ॅडव्हायझरकडे गेलो, त्याने उघडून पण बघितली नाही, म्हणाला "सर गाडी आमच्यासमोर बंद पडत नाही तोपर्यंत आम्ही काय करणार".

मग जून २०२५ ला मी हट्टाने गाडी तिथंच ठेवली, म्हटलं बंद पडेपर्यंत चालवा. नऊ दिवस ठेवली. देताना सहज म्हणून मी मोबाइलवर मीटरचा फोटो काढला होता, ३८,४१२. नऊ दिवसांनी रिपोर्टमध्ये लिहिलेलं की ६० किलोमीटर लाँग टेस्ट ड्राइव्ह घेतली, कोणताही दोष आढळला नाही. मी मीटर बघितला, ३८,४१८. सहा किलोमीटर! म्हणजे वॉशिंगला नेली आणि आणली एवढंच. मी फोटो दाखवला तेव्हा अ‍ॅडव्हायझरचा चेहरा बदलला, मग मॅनेजर आले आणि "टायपिंग मिस्टेक" म्हणाले. मी तेव्हाच भांडायला हवं होतं, पण डिलिव्हरीच्या कागदावर सही करून घरी आलो, कारण नऊ दिवस ऑफिसला बसने जाऊन कंटाळलो होतो.

अजून एक. प्रत्येक वेळी दोन दिवसांनी कंपनीकडून फीडबॅकचा फोन यायचा आणि त्याच्या आधी अ‍ॅडव्हायझरचा वेगळा फोन, सर प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात. मी दिले. गरीब पोरगा आहे, आपल्यामुळे कशाला नुकसान, असं वाटायचं. हे दहा मार्क नंतर माझ्याच विरुद्ध वापरले गेले, त्यावर पुढे येतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वॉरंटी संपली आणि दिवाळीच्या तोंडावर वेर्ण्याच्या चढावर गाडी बंद पडली ती चालूच होईना, टो करून नेली. आता मात्र त्यांना दोष लगेच सापडला! वायरिंग हार्नेस (वायरचा जुडगा) खराब आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल, एस्टिमेट ५२,७०० रुपये. मी म्हटलं ही तक्रार तर जून २०२४ पासूनची आहे, वॉरंटीत करा. तर मॅनेजरने कॉम्प्युटरवर हिस्ट्री काढून दाखवली. जून २०२४ ची नोंदच नाही. ऑगस्ट, "ग्राहकाच्या विनंतीवरून क्लीनिंग". नोव्हेंबर, "बॅटरी बदल". फेब्रुवारी, "इंधन भेसळ". जून, "जनरल चेकअप, दोष नाही, ग्राहक समाधानी". चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं हे वाक्य कुठेही, एकदाही, लिहिलेलं नव्हतं. आणि वर म्हणाले की वायर उंदराने खाल्ल्यासारखी वाटते, ते असंही वॉरंटीत येत नाही. दाताची खूण दाखवा म्हटलं तर गाडी खोललेली नाही म्हणे. न खोलता उंदीर कसा दिसला?

गाडी तिथून टो करून फोंड्याजवळच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी आधी मला अर्धा तास प्रश्न विचारले आणि ती वही मागून घेऊन वाचली, पहिल्या पानापासून. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. इंजिन फिरतंय पण स्क्रीनवर आरपीएम शून्य. म्हणाले बघ, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही, क्रँक सेन्सरचा सिग्नल येत नाही, मग तो स्पार्क कशाला देईल आणि पेट्रोल कशाला सोडेल. कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पण तोच होता, पी०३३५. मग त्यांनी हाताने वायरचा जुडगा हलवला आणि मला परत मारायला सांगितलं, लगेच चालू. परत हलवला, बंद.

टॉर्च धरून त्यांनी मला ती जागा दाखवली. जुडगा धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली, त्यामुळे वायर इंजिनच्या एका लोखंडी पट्टीला घासत होती. काळं कव्हर एका बाजूने गुळगुळीत झिजलेलं, आत तांब्याच्या दोन-तीन तारा चकचकीत आणि बाकीच्या हिरव्या पडलेल्या. दाताची एक खूण नाही. दचका बसला की इंजिन हलतं, वायर पट्टीला लागते, सिग्नल जातो. वायर जोडली, स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली, ९०० रुपये घेतले. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

काकांनी अजून एक सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. दोष आला की कॉम्प्युटर कोडसोबत त्या क्षणाचा स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान असं सगळं साठवून ठेवतो. स्कॅनरवर क्लिअर मारलं की ते सगळं पुसलं जातं. माझ्या गाडीचे कोड दर भेटीत क्लिअर होत होते, मी स्वतः काचेतून बघत होतो आणि मला वाटायचं रिपेअर चाललंय. म्हणून स्कॅनर लावला की आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग काय पुसायचं ते पुसू दे.

कंपनीला ईमेल केला, उत्तर आलं डीलरशी संपर्क करा. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकली, तेव्हा डीलरचं लेखी उत्तर आलं की ग्राहकाने प्रत्येक भेटीनंतर दहापैकी दहा गुण दिले आहेत आणि डिलिव्हरीवर समाधानाची सही आहे. मग फोन आला, ८,००० रुपये देतो, पुढे कसलीही तक्रार नाही अशा कागदावर सही करा. नाही केली. ई-जागृती पोर्टलवरून दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे केस टाकली. वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, माझे २०० गेले. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, माझी पहिली घटना जून २०२४ ची, म्हणजे मी अजून थोडा आळस केला असता तर त्याच मुद्द्यावर त्यांनी मला अडवलं असतं. आता माझ्याकडे काय आहे, तर मीटरचे दोन फोटो, ती वही, काकांनी सही करून दिलेलं बिल आणि झिजलेल्या वायरचा व्हिडिओ. जॉब कार्डवर माझी तक्रार असती तर ह्यातलं काहीच लागलं नसतं.

परवा मेव्हण्यासोबत त्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. दुसरंच शोरूम, दुसरी कंपनी. अ‍ॅडव्हायझरने जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहिलं आणि सहीला पुढे केलं. मेव्हण्याने ते तिथंच खोडायला लावलं आणि "उतारावर ब्रेक दाबल्यावर डाव्या बाजूने घासल्याचा आवाज येतो" असं आपल्या शब्दांत लिहून घेतलं, मीटरचा फोटो काढला, कॉपी खिशात घातली आणि मग चावी दिली.